चावडीवरची नोटीस आणि ‘आपली चावडी’

औंढ्यात बोलायला बोलावलं तेव्हा मला वाटलं होतं, लोहगड-विसापूरवर बोला म्हणाल. किल्ले इथून दिसतात, भाज्याची लेणी हाकेच्या अंतरावर, इतिहासाच्या माणसाला यापेक्षा काय हवं! पण आज मी किल्ल्यांवर बोलणार नाही. आज एका नोटिशीवर बोलायचं आहे. ती नोटीस पूर्वी चावडीच्या भिंतीला चिकटवलेली असायची, आता ती तुमच्या खिशातल्या फोनवर आहे. आणि माझं म्हणणं असं की, औंढ्यासारख्या गावात आज लोहगडापेक्षा ती नोटीस जास्त महत्त्वाची आहे.

जे ऑनलाइन ऐकताहेत त्यांना आधी जागा सांगतो. लोणावळ्याच्या पूर्वेला, इंद्रायणीच्या खोऱ्यात, मावळ तालुक्यातलं हे गाव. भाताची खाचरं, वर डोंगराला वरकस जमीन. १८६३ ला बोरघाटातून रेल्वे झाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांची विजेची धरणं झाली, आणि २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला. या तिन्हींनी इथल्या जमिनीचं रूप बदललं. पण तिसऱ्यानं भाव बदलला. ज्या वरकसाकडे आपले आजोबा ढुंकून बघत नव्हते, नाचणी-वरईपलीकडे जिथं काही येत नव्हतं, तिथूनच धुकं चांगलं दिसतं, म्हणून बंगलेवाल्यांना तीच हवी. मग पन्नास वर्षं कुणी न उघडलेले सातबारे उघडायला लागले. कुणाचं नाव आहे, कुणाचं राहिलं, कुणाचं कधी कमी झालं?

तर सातबाऱ्यावर नाव चढतं आणि उतरतं ते फेरफारानं. खरेदी झाली, वाटप झालं, कुणी वारलं, की गाव नमुना सहामध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. ती नोंद लगेच पक्की होत नाही. आधी नोटीस निघते, हरकतीला साधारण पंधरा दिवसांची मुदत असते, आणि कुणी हरकत घेतली नाही तर मंडल अधिकारी ती प्रमाणित करतात. मग सातबारा बदलतो. हे पंधरा दिवस आजचा विषय.

महाराष्ट्र शासनाच्या महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ नावाचं पान आहे. जिल्हा पुणे, तालुका मावळ, गाव निवडलं की त्या गावात सध्या चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. फेरफाराचा क्रमांक, प्रकार, तारीख, गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख. लॉगिन नको, पैसे नकोत, अर्ज नको. नागरिकांसाठी सरकारनं केलेली संकेतस्थळं पुष्कळ आहेत. तक्रारींसाठी २०१५ पासून ‘आपले सरकार’ आहे, ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च बघायला २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ आहे. पण त्यात मला हे छोटंसं पान सर्वांत जुनं वाटतं. जुनं म्हणजे तंत्रानं नव्हे. त्याच्यामागचा हक्क जुना आहे.

किती जुना? समोर नदीपलीकडे कार्ल्याला चला. एकवीरेच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. देवीच्या शेजारी जे मोठं चैत्यगृह आहे, त्याच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीतले लेख कोरलेले आहेत. त्यातला एक नहपानाचा जावई उषवदात याचा. वलूरकच्या, म्हणजे या कार्ल्याच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्यानं करजिक नावाचं गाव दिलं, असं तो सांगतो. पुढं क्षहरातांचं राज्य गेलं, सातवाहनांचं आलं. आणि तिथंच दुसरा लेख आहे: मामालच्या अमात्याला राजाची आज्ञा, की करजक गाव या भिक्षूंना दिलं आहे. मामाल म्हणजे आपलं मावळ. गाव तेच, घेणारे तेच, देणारा बदलला.

आता मला सांगा, हा फेरफार नाही तर काय आहे! (हशा) आणि तो दप्तरात ठेवला नाही, येणारा-जाणारा बघेल अशा भिंतीवर कोरला. एकोणीसशे वर्षांपूर्वी मावळातला माणूस हे ओळखून होता की, जमिनीचा कागद उघड्यावर असला तरच टिकतो. पण लगेच पुढचा प्रश्न येतो. करजिकमधल्या शेतकऱ्याला ते वाचता येत होतं का? त्याला कुणी विचारलं होतं का, तुझ्या गावाचा सारा आता लेण्यात जाणार, तुझी काही हरकत? लेखात त्याचं नाव नाही. उघड्यावर लावणं वेगळं आणि विचारणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा, पुढं सारखा लागणार आहे.

विचारण्याची पद्धत आपल्याला मध्ययुगात सापडते. वतनाचा, शिवेचा, पाटीलकीचा तंटा झाला की गोतसभा बसायची. गावचा पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावांचे लोक, परगण्याचे देशमुख-देशपांडे. साक्षी व्हायच्या, निवाडा व्हायचा आणि त्याचा महजर लिहिला जायचा. महजराखाली सह्या नसायच्या, निशाण्या असायच्या. पाटलाचा नांगर, सुतार-लोहार-कुंभारांच्या आपापल्या हत्याराच्या खुणा. वि. का. राजवाड्यांनी आणि १९१० नंतर भारत इतिहास संशोधक मंडळानं असे कागद गावोगावच्या वाड्यांमधून गोळा करून छापले, म्हणून आज आपण हे बोलू शकतो. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो ग्रंथ लिहिला, तो याच कागदांवर उभा आहे.

मला त्या महजरांत काय आवडतं? तिथं लिहिता न येणारा माणूसही हजर आहे. त्याची खूण कागदावर आहे. तो काय झालं ते ऐकून, सगळ्यांदेखत मान हलवून गेलेला आहे. पण ही गोष्ट गोड करून सांगायची नाही. शिवेचा तंटा असला की महाराची साक्ष मोठी मानली जायची, कारण गावची शीव त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नसे. दवंडी तो द्यायचा, सरकारी हुकूम तो पोचवायचा. आणि तरी चावडीची पायरी चढून वर बसायचा हक्क त्याला नव्हता. ज्याच्या शब्दावर गावची हद्द ठरायची, तो स्वतः हद्दीबाहेर. आणि बायका? पाटीलकी भांडणाऱ्या विधवांचे कागद सापडतात, नाही असं नाही, पण रोजच्या चावडीवर बाई नव्हती. चावडी सगळ्या गावाची होती असं आपण म्हणतो ना, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

इंग्रज आले आणि तोंडी साक्षीच्या वर कागद बसला. कुलकर्ण्याचं दप्तर आणि सावकाराचं खत. १८७५ मध्ये याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, शेतकरी सावकारांवर उठले. त्या दंग्यात त्यांचा सगळ्यात जास्त राग कशावर होता? खतांवर. खतं, रोखे मागून घेतले आणि जाळले. कारण आपल्याला बुडवणारी गोष्ट त्या कागदात आहे हे कळत होतं, पण आत काय आहे ते वाचता येत नव्हतं. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर करायची तरतूद झाली. चार वर्षांनी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. कागद लिहिणाऱ्यांच्या हाती न लिहिणारा कसा नाडला जातो, हा त्यातला एक मोठा धागा.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला १९०३ मध्ये. तोपर्यंत सरकारच्या दप्तरात सारा कोण भरतो हे होतं. जमिनीत कुणाचा काय हक्क आहे, गहाण आहे का, कूळ आहे का, हे नव्हतं. त्या कायद्यानं हक्कांची नोंदवही आली, आणि तीच वाट पुढं आजच्या सातबाऱ्यापर्यंत येते. १९५१ मध्ये कुलकर्णी वतनं गेली, पगारी तलाठी आले. अलीकडे त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पण लोकांच्या तोंडी अजून भाऊसाहेबच.

आणि मग १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम. त्याचं कलम १५० प्रत्येकानं एकदा वाचावं. त्यात म्हटलंय की, तलाठ्यानं फेरफार नोंदवहीत नोंद केली की त्याच वेळी तिची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची, आणि ज्यांचा संबंध आहे अशांना लेखी कळवायचं. कुणी हरकत घेतली, तोंडी घेतली तरी, ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहायची आणि हरकत घेणाऱ्याला पोच द्यायची. पोच! म्हणजे तुम्ही आलात, बोललात, याचा कागद तुमच्या हातात. महजरावरच्या नांगराच्या खुणेचा हा नातू आहे असं मी म्हणेन.

कायदा चांगला. आता प्रत्यक्षात काय व्हायचं, ते माझ्याच घरातलं सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, इथलं नाही एवढं नक्की.

माझे आजोबा १९८३ मध्ये गेले. तीन मुलगे, एक मुलगी. मुलगी म्हणजे माझी आत्या, लग्न होऊन लालबागच्या चाळीत. वारसनोंद झाली त्यात तिघा भावांची नावं लागली, आत्याचं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या हिश्शात मुलीचा वाटा होताच. पण विचारणाऱ्यानं विचारलं, ‘वारस कोण?’ आणि काकांनी सांगितलं, ‘आम्ही तिघं.’ लबाडी होती का? मला अजून ठरवता येत नाही. त्यांच्या डोक्यात खरंच तेवढंच होतं. नोटीस चावडीवर लागली असणार, कागद सांगतो लागली. पण चावडी गावात, आत्या लालबागला, आणि वर ती बाई. तिला कळलं अकरा वर्षांनी, रस्त्याकडेचा तुकडा विकायला काढला तेव्हा. वकील म्हणाले, दावा लावा, चालेल. ती म्हणाली, भावांवर दावा लावून माहेर ठेवायचं कुठे? साडी-चोळी घेतली आणि परत गेली. त्या पंधरा दिवसांत तिला कळलं असतं तर दावा लागलाच नसता. भाऊसाहेबांकडे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं: ‘मी पण आहे.’

मावळातून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत किती माणसं गेली ते तुम्हाला मी सांगायला नको. लेकी कुठं कुठं दिल्या. त्या सगळ्यांसाठी चावडीची भिंत म्हणजे न पोचणारं पत्र होतं. म्हणून ‘आपली चावडी’ फोनवर आली याला मी मोठी गोष्ट म्हणतो. भांडूपला बसलेली बहीण पहिल्यांदाच त्या भिंतीसमोर उभी राहू शकते. पायरी चढायची नाही, डोक्यावरचा पदर सावरायचा नाही, ‘तू इकडं कशाला आलीस’ असं कुणी विचारायचं नाही. जी जातीनं खाली उभी होती, जी बाई म्हणून आत होती, जो पोटासाठी बाहेर होता, तिघांनाही तीच नोटीस, एकाच वेळी. हे १९६६ च्या कायद्याला जमलं नव्हतं.

पण लगेच टाळ्या नकोत. महाराष्ट्रात हा अनुभव आपण आधी घेतलेला आहे. १९९८ मध्ये वारणेला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांत संगणकाची केंद्रं. शेतीचा सल्ला, सरकारी योजना, सगळी माहिती मिळणार, गाव बदलणार असं तेव्हा खूप लिहिलं गेलं. अभ्यासकांनी नंतर जाऊन बघितलं तर लोक प्रामुख्यानं एकाच कामासाठी येत होते: माझा ऊस किती टन भरला. नंतर तर त्या संगणकांऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर तेच काम करून बघितलं गेलं आणि चाललं. काहींनी याला अपयश म्हटलं. मला तसं वाटत नाही. माणूस कागदाकडे स्वतःचा ऊस शोधायलाच येतो. आपल्या गटाचा नंबर दिसला तर तो पान उघडेल. ‘नागरिक सहभाग’ असं लिहिलेलं दिसलं तर नाही उघडणार.

आता या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २०१७ चं पान. सातबारे संगणकावर चढवले होते. हातानं लिहिलेल्या जुन्या वहीतून टंकताना चुका झाल्या होत्या. क्षेत्राचा आकडा चुकला, नावातलं अक्षर चुकलं, कुठं खातेदारच गळला. डिजिटल सही करून तो सातबारा लोकांना द्यायचा तर आधी तो बरोबर हवा. यंत्र स्वतःची चूक कशी सांगणार? मग महसूल खात्यानं काय केलं, तर त्या उन्हाळ्यात चावडी वाचनाची मोहीम काढली. गावोगाव चावडीवर लोकांना बोलावून संगणकातले सातबारे मोठ्यानं वाचले. लोकांनी तिथंच सांगितलं, भाऊसाहेब, हे क्षेत्र तेवढं नाही. अहो, आमच्या चुलत्याचं नाव कुठं गेलं? पुढच्या वर्षी, १ मे २०१८ ला, डिजिटल सहीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला.

म्हणजे बघा, ज्या संकेतस्थळाचं आपण एवढं कौतुक करतो, ते तपासलं गेलं गोतसभेच्या पद्धतीनं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि ज्याला माहीत आहे त्यानं बोलायचं. कारण जमिनीची माहिती एकट्याजवळ नसते. म्हाताऱ्याला नंबर माहीत नसतो, ‘ओढ्याकडचं खाचर’ माहीत असतं. पोराला नंबर शोधता येतो, खाचर दाखवता येत नाही. दोघं शेजारी बसले तर सातबारा वाचला जातो.

इथंच फोनवरच्या चावडीची अडचण आहे. ती एकट्यानं वाचायची आहे. जुन्या भिंतीवरची नोटीस शेजाऱ्यानं वाचली तर तो दारात येऊन सांगायचा, ‘अरे, तुझ्या गटाचं काहीतरी लागलंय.’ फोनवरची नोटीस ज्याचा गट आहे त्यानंच उघडली पाहिजे, आणि रोज कोण उघडतो? जमिनीचा व्यवहार करणारे मात्र नित्यनेमानं बघतात. कुठल्या खात्याला वारसनोंद लागली, म्हणजे घरात माणूस गेलं, म्हणजे विकायला निघण्याची शक्यता. उघडी भिंत सगळ्यांना उघडी असते, हे कार्ल्यापासून चालत आलंय. ज्याला वाचायची गरज आणि सवय, त्याला ती आधी कामाला येते.

मग माझं मागणं छोटं आहे, आणि ते सरकारकडे नाही. तुमच्या ग्रामसभेत विषय संपल्यावर दहा मिनिटं द्या. एका पोरानं फोन उघडायचा आणि त्या दिवशीच्या चालू नोटिसा मोठ्यानं वाचायच्या. नावासकट, गटासकट. महिलांची वेगळी ग्रामसभा असते तिथं तर आवर्जून वाचा. ग्रामसभा वर्षातून मोजक्याच, नोटीस पंधरा दिवसांची, म्हणजे तेवढ्यानं भागणार नाही हे मलाही दिसतं. म्हणून देवळात हरिपाठाला, बचत गटाच्या बैठकीला वाचा. मुंबईकरांचा गावाचा फोनवर ग्रुप असतोच, सकाळी फुलांची चित्रं येतात त्यात, (हशा) तिथं एखाद्या दिवशी फुलांऐवजी ही यादी टाका.

मागं एका ताईंनी हात वर केलाय. हो, विचारा... त्या विचारताहेत की, पंधरा दिवस निघून गेले आणि नोंद प्रमाणित झाली तर संपलं का? नाही, ताई. प्रमाणित नोंदीवर प्रांतांकडे अपील करता येतं, त्याची मुदत साठ दिवस. उशीर झाला तर उशिराचं कारण देऊन माफी मागता येते. आणि फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरतात, एवढंच. मालकी ठरते दिवाणी न्यायालयात. पण माझ्या आत्याला न्यायालयाची वाट मोकळीच होती, तरी ती त्या वाटेनं गेली नाही. हरकत सोपी असते कारण ती भांडण व्हायच्या आधी असते.

अजून एक. पान उघडाल तेव्हा गावाच्या यादीत औंढे खुर्द आणि औंढे बुद्रुक वेगवेगळे आहेत, शिवाय औंढोली आहे. आपलं गाव समजून भलतंच निवडलं तर ‘नोटीस नाही’ असं दिसेल आणि तुम्ही निर्धास्त झोपाल. आत्ता बाहेर चहा आहे. जाता जाता ज्यांच्याकडे आठ-अचा उतारा आहे त्यांनी त्यावर कुठलं औंढे लिहिलंय ते बघून घ्या. पान कसं उघडायचं ते मी इथं पायरीवर बसून दाखवतो.